मोनोवायमध्ये माणसं किती?

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या उत्तर सीमेलगत, बॉइड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), राज्य महामार्ग १२ वर मोनोवाय नावाचं गाव आहे. रस्त्याकडेच्या हिरव्या पाटीवर गावाचं नाव आणि त्याखाली लोकसंख्या: १. २०१० च्या जनगणनेतही हाच आकडा होता. २०२० च्या जनगणनेत तो २ झाला. गावात कुणी राहायला आलं नव्हतं, कुणाचं लग्न झालं नव्हतं, मूल जन्मलं नव्हतं. गावात राहत होत्या त्या एकच वृद्ध बाई. गावच्या महापौर त्याच, कारकून आणि खजिनदारही त्याच, आणि गावातली एकमेव खानावळ-कम-दारूचा गुत्ता चालवणाऱ्याही त्याच. दुसरा माणूस कुठून आला याचा खुलासा अमेरिकेच्या जनगणना विभागानेच केला. उत्तर देणाऱ्याची ओळख कुणाला पटू नये म्हणून आकड्यांमध्ये मुद्दाम थोडी गडबड मिसळली जाते, हा त्यातलाच प्रकार.

हेतू वाईट नव्हता. तरी गावाच्या एकूण लोकसंख्येला अशी गडबड लावणं चूक होतं आणि २०३० च्या जनगणनेत ते थांबायला हवं, असं आमचं म्हणणं आहे. वय, वंश, घर मालकीचं की भाड्याचं, ही माहिती हवी तितकी झाका. पण कायद्याने गाव म्हणून मान्यता दिलेल्या ठिकाणी डोकी किती, हा आकडा मोजला तसाच छापला पाहिजे.

हा वाद हवेतला वाटू नये म्हणून आधी गावाचा इतिहास पाहू. नायोब्रारा आणि मिसूरी या नद्यांच्या संगमाजवळचा हा मुलूख पोंका या मूळनिवासी जमातीचा. १८६८ च्या फोर्ट लॅरमी करारात अमेरिकी सरकारने पोंकांची जमीन चुकून लाकोटा या दुसऱ्या जमातीच्या राखीव प्रदेशात घातली, आणि चूक निस्तरायची सोडून १८७७ मध्ये पोंकांनाच आजच्या ओक्लाहोमात हाकललं. त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर आपल्या मुलाची हाडं नायोब्राराकाठी पुरायला परत निघाला आणि पकडला गेला. १८७९ मध्ये ओमाहाच्या न्यायालयात निकाल लागला की इंडियन, म्हणजे अमेरिकेतला मूळनिवासी, हीसुद्धा कायद्याच्या नजरेत ‘व्यक्ती’ आहे. गंमत अशी की त्या काळी संविधानाप्रमाणे ‘कर न भरणारे इंडियन’ प्रतिनिधित्वासाठीच्या शिरगणतीत धरलेच जात नसत. कुणाला मोजायचं आणि कसं, हा प्रश्न या मातीत मोनोवायपेक्षा जुना आहे.

बॉइड काउंटी स्थापन झाली १८९१ मध्ये. मोनोवाय वसलं १९०२ मध्ये, रेल्वे आली म्हणून. फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिसूरी व्हॅली या कंपनीने आपला फाटा तिथवर आणला आणि रुळांकडेला गाव आखलं गेलं. प्रेअरीवरची, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांवरची, बहुतेक गावं अशीच उभी राहिली. शेतकऱ्याने घोडागाडीत धान्य भरून सकाळी निघावं आणि माल उतरवून रात्रीपर्यंत घरी परतावं, एवढ्या अंतरावर एकेक स्टेशन. स्टेशनाला धान्याची कोठारं, गुरांचा कोंडवाडा, किराणा, टपाल, शाळा, चर्च. मग या ठिकाणाला गाव म्हणायचं. नेब्रास्काच्या कायद्यात ‘व्हिलेज’ हा स्थानिक स्वराज्याचा एक ठरलेला दर्जा आहे. तो मिळवायला किमान १०० रहिवासी लागतात आणि ८०० च्या वर गेलं की ते शहरांच्या वर्गात जातं. एकदा दर्जा मिळाला की माणसं शंभराखाली गेली तरी तो आपोआप जात नाही. मोनोवाय एकावर येऊनही व्हिलेज राहिलं ते त्यामुळेच.

जनगणनांचे आकडे ओळीने वाचले की गावाची कुंडली समोर येते. १९१० मध्ये १०९, १९२० मध्ये १००, १९३० मध्ये १२३, १९४० मध्ये ९९, १९५० मध्ये ६७, १९६० मध्ये ४०, १९७० मध्ये १६, १९८० मध्ये १८, १९९० मध्ये ६, २००० मध्ये २, २०१० मध्ये १. पहिल्या महायुद्धानंतर धान्याचे भाव कोसळले, त्यावर तिशीच्या दशकातला दुष्काळ आणि धुळीची वादळं आली. पण खरा घाव ट्रॅक्टरने आणि मोटारीने घातला. सुरुवातीला घरटी मिळालेली जमीन १६० एकर होती. आज नेब्रास्कात सरासरी शेत हजार एकरांच्या आसपास आहे. पूर्वी जिथे सहा कुटुंबं राबत तिथे आता एक पुरतं. उरलेल्या कुटुंबाला गाडीने तासाभरात मोठ्या गावी जाता येतं, म्हणजे जवळच्या किराण्याला गिऱ्हाईक नाही, शाळेला मुलं नाहीत. टपाल कार्यालय १९६७ मध्ये बंद झालं, शाळा १९७४ मध्ये. रेल्वे तर गेलीच. आजूबाजूचीही तीच कथा: बॉइड काउंटीत २०१० मध्ये २,०९९ माणसं होती, २०२० मध्ये १,८१० उरली. त्याच दशकात नेब्रास्का राज्य मात्र १८,२६,३४१ वरून १९,६१,५०४ वर गेलं. वाढलं ते ओमाहा आणि लिंकन या मोठ्या शहरांकडे.

ही ओळ वाचून झाल्यावर शेवटी २०२० चा २ ठेवून बघा. ऐंशी वर्षं घसरत आलेल्या गावाने एका दशकात लोकसंख्या दुप्पट केली! टक्केवारीत लिहायचं तर शंभर टक्के वाढ. ज्याला मोनोवाय ठाऊक आहे तो हसून सोडून देईल. पण असाच आकडा ज्याचं नावही कुणी ऐकलेलं नाही अशा ३५ किंवा ६० वस्तीच्या गावाला चिकटला, तर तो हसून सोडायला कुणी नसतं. तो सरळ तक्त्यात जाऊन बसतो.

गडबड मिसळतात कशी, हे जरा जवळून बघितलं पाहिजे, कारण टीका करणारे आणि पाठीराखे दोघेही इथे घाई करतात. पूर्वी, म्हणजे २००० आणि २०१० मध्ये, अदलाबदलीची पद्धत होती. ज्यांची ओळख सहज पटेल अशा काही कुटुंबांच्या नोंदी दुसऱ्या ठिकाणच्या मिळत्याजुळत्या कुटुंबांशी बदलायच्या. पण प्रत्येक ब्लॉकमध्ये एकूण माणसं किती आणि त्यात प्रौढ किती, हे आकडे तसेच ठेवले जात. ब्लॉक म्हणजे जनगणनेचा सर्वांत लहान तुकडा, देशभरात असे ऐंशी लाखांहून अधिक. २०२० मध्ये ‘डिफरन्शियल प्रायव्हसी’ आली. हिच्यात देश, राज्य, काउंटी, ट्रॅक्ट (काउंटीचा जनगणनेपुरता पाडलेला भाग), ब्लॉक गट, ब्लॉक अशा उतरंडीत प्रत्येक पायरीवरच्या मोजणीत एक यादृच्छिक संख्या मिळवतात. ती बहुतेक वेळा शून्याजवळची असते, कधी अधिक, कधी उणे. खऱ्या १ मध्ये अधिक १ पडला की २, उणे १ पडला की शून्य, उणे ३ पडला की उणे २. आता उणे माणसं छापता येत नाहीत. म्हणून दुसऱ्या टप्प्यात सगळे आकडे शून्य किंवा त्याहून मोठे, पूर्णांक, आणि वरच्या पायरीच्या बेरजेशी जुळणारे करून घेतात.

गोम या दुसऱ्या टप्प्यात आहे. उणे आकडे शून्यावर ओढले जातात, अधिक आकडे तसेच राहतात. त्यामुळे अगदी लहान ठिकाणांचा कल वाढण्याकडे होतो आणि तेवढी माणसं मोठ्या ठिकाणांतून वजा होतात. राज्याची एकूण संख्या मात्र अजिबात हलवायची नाही असं ठरलेलं आहे, कारण तिच्यावरून अमेरिकी संसदेतल्या, म्हणजे काँग्रेसमधल्या, राज्याच्या जागा ठरतात. म्हणजे मोनोवायला मिळालेला जास्तीचा माणूस नेब्रास्कातल्याच दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणाहून कमी झाला. दुरुस्तीआधीच्या कच्च्या मोजण्या विभागाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत उणे आकडेही आहेत, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते जास्त प्रामाणिक आहेत, हे ऐकायला कितीही विचित्र वाटलं तरी.

दुसरी अडचण गावांची खास. गाव हे या उतरंडीतली पायरीच नाही. त्याची हद्द ट्रॅक्ट आणि ब्लॉक गटांच्या रेषा न जुमानता जाते, म्हणून गावाचा आकडा ब्लॉकांचे आकडे गोळा करून तयार होतो आणि प्रत्येक ब्लॉकची गडबड सोबत घेऊन येतो. विभागाने उतरंड थोडी वळवून हे कमी करायचा प्रयत्न केला, तो काही अंशी साधलाही. विभागाचा सल्ला असतो की एकेका ब्लॉकचा आकडा वापरू नका, अनेक एकत्र करा, म्हणजे गडबडी एकमेकींना खाऊन टाकतील. दहा हजार वस्तीच्या गावाला हे लागू पडतं. मोनोवायचं क्षेत्रफळ एक पंचमांश चौरस मैल. ते एकत्र करायचं कशाशी? शेजारच्या गावाशी केलं तर ते मोनोवाय राहत नाही.

घरांची संख्या मात्र ब्लॉकपर्यंत खरी छापली जाते, माणसांची नाही. त्यामुळे २०२० च्या तक्त्यांत राहती घरं आहेत पण माणूस एकही नाही, माणसं आहेत पण राहतं घर नाही, किंवा ब्लॉकमध्ये फक्त मुलं आहेत आणि मोठं कुणीच नाही, असे ब्लॉक सापडतात. अशा वेळी अभ्यासक आकडा टाकून देतो. गावाचा कारकून टाकून देऊ शकत नाही, त्याला पुढचा फॉर्म भरायचा असतो.

कारण लहान गावाला लोकसंख्या लागते ती शोभेसाठी नव्हे. नेब्रास्कात रस्त्यांसाठी राज्याकडून येणारा वाटा ज्या सूत्राने ठरतो त्यात लोकसंख्या आहे, वाहनांची नोंदणी आहे, रस्त्यांची लांबी आहे. तो वाटा मिळवायला दरवर्षी रस्त्यांचा आराखडा सादर करावा लागतो. मोनोवायच्या बाई तो दरवर्षी भरत, म्हणजे गावातले मोजके दिवे पेटते राहावेत. स्वतःवर कर बसवायचा, स्वतःच वसूल करायचा, स्वतःच्या दारूच्या परवान्यावर स्वतःच सही करायची. हा विनोद वर्तमानपत्रांनी पुष्कळ केला आहे. पण त्या कागदांवरची एकूण एक रक्कम खरी असावी लागते, लोकसंख्या तेवढी नाही, ही विसंगती कुणी सांगत नाही. मोनोवायला एका माणसाच्या वाट्याने फरक पडत नसेल. पन्नास वस्तीच्या गावात सहा-सात माणसं इकडची तिकडे झाली तर अर्थसंकल्पात जाणवतं.

यावर कुणी म्हणेल, जनगणना तरी कुठे अचूक असते? नसते, आणि लहान गावांत चुका मोठ्या दिसतात. वायोमिंगमधल्या लॉस्ट स्प्रिंग्जला २००० च्या जनगणनेने एकच रहिवासी दिला होता. तिथल्या महापौरांचं म्हणणं होतं की माणसं चार आहेत, आणि २०१० मध्ये आकडा चार आला. पण मोजणीतली चूक आणि मिसळलेली गडबड यांत मोठा फरक आहे. चूक झाली तर ती दाखवून देता येते. आकड्यांवर हरकत घेण्याची अधिकृत सोय आहे. २०२० साठी ती जून २०२३ पर्यंत खुली होती, आणि हद्द चुकली किंवा घरं मोजायची राहिली अशा तक्रारी तिथे घेतल्या जात. मुद्दाम मिसळलेल्या गडबडीबद्दल मात्र तिथे दाद नव्हती. म्हणजे गाव ज्या आकड्याबद्दल शपथेवर सांगू शकतं की तो खोटा आहे, नेमका तोच दुरुस्त होत नाही. आमच्या मते या पद्धतीवरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

आता विभागाची बाजू. ती कमकुवत नाही, आणि तिला नुसतं ‘अतिशहाणपणा’ म्हणून उडवणारे लोक कायदा विसरतात. अमेरिकेच्या संहितेचं तेरावं शीर्षक सांगतं की जनगणनेतून कुणाही एका व्यक्तीची माहिती उघड होता कामा नये. कर्मचाऱ्याने ती फोडली तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. विभागाने स्वतःच्याच २०१० च्या तक्त्यांवर हल्ला करून पाहिला. छापलेले तक्ते एकत्र सोडवून माणसामाणसाच्या नोंदी परत उभ्या केल्या. त्यातल्या ४६ टक्के वय, लिंग, वंश, ब्लॉक यांसह तंतोतंत जुळल्या. बाजारात विकत मिळणाऱ्या माहितीशी ताडल्यावर १७ टक्के लोकसंख्येची, म्हणजे सुमारे ५ कोटी २० लाख लोकांची, ओळख खरी निघाली. मिनेसोटा विद्यापीठाचे स्टीव्हन रगल्स आणि डेव्हिड व्हॅन रायपर यांनी यावर हरकत घेतली की नुसत्या अंदाजानेही बरेच जुळतं. हा वाद मिटलेला नाही. तरी संगणक स्वस्त झाले आणि माहितीचा बाजार भरला, हे खरंच आहे. जुनी अदलाबदल पुरेशी राहिलेली नाही, हे आम्ही मान्य करतो.

पण या प्रयोगात धोका कशातून निर्माण झाला? वय, लिंग आणि वंश यांच्या बारीक तक्त्यांतून. मोनोवायमध्ये एक माणूस राहतो, एवढ्याने त्या माणसाबद्दल नवं काय कळलं? रस्त्यावरून जाणाऱ्याला रात्री एकाच घरात दिवा दिसतो. पाटीवर आकडा आहे. ते माणूस ८६ वर्षांचं आहे की ३०, गोरं की मूळनिवासी, घर स्वतःचं की भाड्याचं, हे जनगणनेने सांगू नये. नेमकं तेच सांगण्यासाठी विभाग धडपडतो आणि मग ते झाकायला डोक्यांचा आकडाही हलवतो. एका माणसाच्या गावासाठी वयाचा तक्ता छापायचाच कशाला? १९७० आणि १९८० च्या जनगणनांत लहान ठिकाणांचे बारीक तक्ते सरळ गाळले जात. ते अभ्यासकांना आवडत नसे, पण त्यात खोटं काही नव्हतं.

अडचण एक आहे, ती लपवत नाही. डिफरन्शियल प्रायव्हसीची हमी गणिती आहे. जो आकडा ‘हलवायचा नाही’ म्हणून बाजूला काढला तो त्या हमीबाहेर पडतो. राज्याची बेरीज अशी बाहेर आहे, घरांची संख्या आहे, वसतिगृहं-तुरुंगांसारख्या जागांची संख्या आहे. २०२० मध्ये एकूण गडबडीचं अंदाजपत्रक १९.६१ ठरवलं होतं (हा आकडा जितका मोठा तितकी गडबड कमी), आणि त्यातले १७.१४ माणसांच्या तक्त्यांना दिले होते. सगळ्या ब्लॉकांच्या बेरजा खऱ्या ठेवायच्या म्हटलं तर पुन्हा २०१० चीच दारं उघडतील. म्हणून आमची मागणी ब्लॉकांची नाही. देशभरात कायद्याने स्थापन झालेली गावं आणि शहरं साडेएकोणीस हजारांच्या आसपास आहेत. ऐंशी लाख ब्लॉकांपुढे हे काहीच नाही. त्यांची एकूण लोकसंख्या, एक ठिकाण एक आकडा, खरी ठेवा. त्याखालच्या प्रत्येक तक्त्यात गडबड राहू द्या, आणि पन्नासपेक्षा कमी वस्ती असेल तिथे वय-वंशाचे तक्ते काउंटीत मिसळून द्या. पन्नास हा आमचा अंदाज आहे, सत्तर ठरला तरी भांडण नाही. कुठे गाव एकाच ब्लॉकचं असेल तर तो ब्लॉक उघडा पडेल, खरं आहे. पण तिथे उघड काय होतं, तर गावातली माणसं किती, आणि ती गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊकच असते. दाटीच्या शहरातल्या इमारतीत भाडेकराराबाहेरची जास्तीची माणसं राहत असतील तर ब्लॉकचा खरा आकडा त्यांच्या अंगाशी येऊ शकतो. तो धोका ब्लॉकचा आहे, गावाच्या बेरजेचा नव्हे.

कुणी सुचवतं की गावाने ठराव करून आपला आकडा खरा छापायला संमती द्यावी. सुचवणी चतुर आहे, पण गुप्ततेचा हक्क व्यक्तीचा असतो, ग्रामसभेचा नव्हे. पाच जणांनी हात वर केले म्हणून सहाव्याची माहिती खुली होत नाही. मोनोवायमध्ये सभा आणि व्यक्ती एकच, म्हणून तिथे तेवढी ही सोय निर्दोष ठरते.

हा प्रश्न आपल्याकडेही दारात उभा आहे. भारतात जनगणनेचा प्राथमिक गोषवारा गावनिहाय प्रसिद्ध होतो: एकूण माणसं, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, कामकरी. बेचिराग गावंही महसुली नोंदीप्रमाणे यादीत राहतात, लोकसंख्येचा रकाना शून्य. आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तीत जात विचारली जाणार आहे. कोकणात किंवा सह्याद्रीच्या खांद्यावर दहा-बारा माणसं उरलेली वाडी गाव म्हणून नोंदलेली असेल, आणि तिचा जातनिहाय तक्ता छापला गेला, तर कोणत्या घराची कोणती जात हे उघड होईल, तेही शिक्षण आणि कामधंद्यासकट. तिथेही डोकी खरी छापावी आणि जातीचा तक्ता तालुक्याच्या पातळीवर द्यावा.

अमेरिकेची पुढची जनगणना १ एप्रिल २०३० ला होईल. व्यक्तींच्या मूळ नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात. १९५० च्या नोंदी २०२२ मध्ये खुल्या झाल्या, म्हणून मोनोवायची तेव्हाची ६७ माणसं आज नावानिशी वाचता येतात. २०२० मध्ये तिथे खरंच किती होती हे सरकारी कागदावर २०९२ मध्ये दिसेल. तोवर छापील आकडाच धरायचा, आणि अडचण तिथेच आहे. २०३० मध्ये गाव रिकामं असेल तर गडबडीने शून्याचा एक होऊ शकतो, आणि कुणी राहत असेल तर एकाचं शून्य. ज्या गावाला विश्वस्त मंडळ, करवसुली आणि रस्त्याचा वाटा आहे, ते उरलं की संपलं हे जनगणनेचा तक्ता सांगू शकणार नाही. त्यासाठी काउंटीच्या कारकुनाला मतदारयादी आणि विजेची बिलं काढून बसावं लागेल.